नाणेघाट ते खोडद : अतिविशाल व अतिसूक्ष्म संख्यांचे लेखन
(उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावर नाणेघाट आहे आणि पूर्वेस नारायणगावापलीकडे खोडद हे गाव आहे. नाणेघाटातील लेण्याच्या भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या संख्या आहेत, तर खोडदच्या माळावर आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणी उभ्या आहेत. मनुष्याने संख्या लिहिण्याची कला कोठून आरंभिली आणि ती कोठवर नेली, याची दोन टोके अशा रीतीने एकाच तालुक्यात सापडतात. हे भाग्य फार थोड्या शाळांच्या वाट्यास आलेले आहे. तथापि घातांकाचा पाठ शिकविताना फळ्यावर केवळ पाठ्यपुस्तकातील उदाहरणे उतरली जातात आणि खिडकीतून दिसणारे उदाहरण मात्र तसेच राहून जाते. म्हणून या दोन टोकांच्या आधारे हा विषय मांडणे उचित होईल.

नाणेघाटातील लेख हा सातवाहन कुळातील राणी नागनिका हिच्याशी निगडित असून त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची मोजदाद आहे. १,७०० गाई, ११,००० गाई व १,००० घोडे, २४,४०० कार्षापण अशी ती नोंद आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास करून तो १८७७ च्या सुमारास विद्वानांपुढे ठेवला, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटास मानाचे स्थान मिळाले. या अंकांत शून्य नाही; स्थानावरून किंमत ठरण्याची पद्धतही नाही. दहास एक चिन्ह, वीसास दुसरे, शंभरास तिसरे, हजारास चौथे. परंतु एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चार हजार लिहावयाचे असता कोरक्याने हजाराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडले आहे. किती हजार, हे एका खुणेने सांगावयाचे आणि गोष्ट हजारांची आहे, हे दुसऱ्या खुणेने सांगावयाचे. प्रस्तुत विषयाचे बीज येथेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे शून्य व स्थानमूल्य यांचा शोध लागला आणि दहा चिन्हांत कोणतीही संख्या लिहिता येऊ लागली. प्रत्येक स्थानास नाव देण्याची परंपराही या देशात मोठी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ग्रंथातील ‘लीलावती’ या भागात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिलेली आहेत. त्यांत सहस्र, लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व अशी नावे क्रमाने येतात आणि शेवटचे परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. याच भास्कराचार्यांच्या ज्ञानपरंपरेची स्मृती चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात जतन झाली आहे. एवढी मोठी नावे ज्या भाषेने सांभाळली, त्या भाषेतील मुलास मोठ्या संख्येचे भय वाटण्याचे कारण नाही.

मग नावे असता नव्या पद्धतीची गरज का भासावी? याचे उत्तर सोपे आहे. नाव पाठ असले तरी त्यावरून हिशेब होत नाही. खर्वास निखर्वाने गुणिले असता काय येईल, हे नावावरून कोणास सांगता येईल? शिवाय निसर्गातील राशी परार्धाशी थांबत नाहीत. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहावयाचे तर सहावर चोवीस शून्ये द्यावी लागतात. एका वर्षात प्रकाश जेवढे अंतर तोडतो ते मीटरमध्ये ९,४६,००,००,००,००,००,००० इतके भरते. ही संख्या फळ्यावर लिहिताना एखादे शून्य गळले, तर वर्गातील कोणाच्याही ते लक्षात येणार नाही. लिहिणाऱ्याच्याही येणार नाही. शून्ये मोजण्याचे काम डोळ्यावर सोपविणे हेच मुळी धोक्याचे आहे.

वैज्ञानिक अंकलेखनात हे काम डोळ्याकडून काढून घेऊन एका लहानशा अंकास दिलेले असते. संख्येचे दोन भाग करावयाचे. पहिला भाग एक किंवा त्याहून मोठा, परंतु दहाहून लहान असावा. दुसरा भाग दहाचा घात असावा. वरील प्रकाशवर्षाचे अंतर मग ९.४६ × १०¹⁵ मीटर असे लिहिले जाते. दशांशचिन्ह पंधरा घरे डावीकडे सरकले, एवढेच तो घातांक सांगतो. नाणेघाटच्या कोरक्याने हजाराच्या खुणेस चाराची खूण जोडली, त्याच युक्तीचे हे पूर्णत्वास गेलेले रूप होय. त्याचे २४,४०० कार्षापण या पद्धतीने २.४४ × १०⁴ होतात.

आता एक घरचा हिशेब पाहू जाता असे दिसेल. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण आहे. त्याचा जलाशय हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात वर्तमानपत्रे धरणसाठ्याचे आकडे ‘टीएमसी’मध्ये देतात आणि ते आकडे पारावर बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात १०⁹ घनफूट. डिंभे धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी, म्हणजे १.२५ × १०¹⁰ घनफूट आहे. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजेच २.८३ × १०¹ लिटर पाणी मावते. गुणाकार करताना पहिले भाग गुणावयाचे आणि घातांकांची बेरीज करावयाची. १.२५ व २.८३ यांचा गुणाकार ३.५४ येतो, आणि १० व १ यांची बेरीज ११. म्हणून हा साठा ३.५४ × १०¹¹ लिटर झाला.

या संख्येचा अर्थ काय? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. वर्षास ते सुमारे २ × १०⁴ लिटर होते. भागाकारात घातांकांची वजाबाकी होते; अकरातून चार गेले, सात राहिले. ३.५४ ला २ ने भागता १.७७ येतात. तेव्हा एक धरण भरले असता, केवळ पिण्याच्या व घरवापराच्या पाण्याचा विचार केल्यास, १.७७ × १०⁷, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी माणसांची वर्षाची गरज भागेल. प्रत्यक्षात बहुतेक पाणी शेतीस जाते आणि काही उन्हाने उडून जाते, हे खरे. परंतु टीएमसी हा शब्द रोज ऐकणाऱ्या मुलास त्याच्यामागे केवढी राशी उभी आहे, हे प्रथमच कळते आणि तेही चार ओळींच्या हिशेबात.

येथे आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. हेच उत्तर ३,५३,७५,००,००,००० लिटर असे लिहिणारा विद्यार्थी चुकला, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु साठा ‘सुमारे साडेबारा’ इतकाच ठाऊक असता त्यातून बारा अंकांचे उत्तर काढून दाखविणे म्हणजे नसलेले ज्ञान असल्याचा आव आणणे होय. ३.५४ × १०¹¹ या लेखनात जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितले जाते. हे अंकलेखन सोयीचे तर आहेच, त्याहीपेक्षा ते प्रामाणिक आहे.

सूक्ष्म संख्यांकडे वळताना ऋण घातांक हा पुष्कळ मुलांना अडथळा वाटतो. त्यावर जिन्याचा दृष्टांत उपयोगी पडतो. फळ्यावर वरून खाली असे लिहावे: १०³ म्हणजे हजार, १०² म्हणजे शंभर, १०¹ म्हणजे दहा. प्रत्येक पायरी उतरताना घातांक एकाने कमी होतो आणि किंमत दहाने भागली जाते. हाच नियम चालू ठेवला की पुढची पायरी १०⁰ व तिची किंमत एक. त्याखालची १०⁻¹ व तिची किंमत एकदशांश. नंतर शतांश, सहस्रांश. ‘शून्य घात म्हणजे एक’ हा नियम मग घोकावा लागत नाही. जिना उतरताना तो आपोआप पायाखाली येतो. त्याचप्रमाणे ऋण चिन्ह संख्या शून्याहून लहान असल्याचे दर्शवीत नाही, तर ती एकाहून लहान असल्याचे दर्शविते, हेही जिन्यावर उभे राहिल्यावर स्पष्ट होते.

या पायऱ्यांचा संबंध जुन्नर-आंबेगावच्या शेतीशी किती निकटचा आहे! द्राक्षबागेत मणी फुगविण्यासाठी जिबरेलिक आम्ल, शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘जीए’, वापरले जाते. त्याचे प्रमाण ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असे सांगितले जाते. एक पीपीएम म्हणजे १०⁻⁶. समजा, सल्ला दहा पीपीएमचा मिळाला. ते प्रमाण १०⁻⁵ झाले. दोनशे लिटरच्या पिंपातील पाण्याचे वजन दोनशे किलोग्रॅम, म्हणजे २ × १०⁵ ग्रॅम. दोहोंचा गुणाकार करता घातांकांची बेरीज शून्य येते आणि उत्तर मिळते दोन ग्रॅम शुद्ध द्रव्य. तराजूवर चिमूटभर दिसणारे हे द्रव्य साऱ्या पिंपास पुरते. येथे घातांकाची एक पायरी चुकली, तर दोनाचे वीस ग्रॅम होतात. परीक्षेच्या वहीत या चुकीचा एक गुण जातो. बागेत तीच चूक झाली तर वर्षाचे श्रम व कर्जाने काढलेला पैसा पणास लागतो. पुष्कळ घरांत पुडीवरील बारीक अक्षरे वाचून दाखविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडेच असते, ही गोष्ट गणिताच्या शिक्षकाने कधीही विसरू नये.

आता खोडदकडे वळावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे या योजनेचे प्रणेते. १९९० नंतरच्या दशकात तिची उभारणी झाली आणि २००२ पासून ती जगातील संशोधकांस खुली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी चौदा मधल्या चौकात व सोळा तीन शाखांवर आहेत. त्या सर्व मिळून एकच दुर्बीण होते. एका तबकडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर भरते. तिसांचे मिळून ४.८ × १०⁴ चौरस मीटर होते.

विश्वात सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन वायू एका ठराविक कंपनसंख्येच्या लहरी सोडतो. ती कंपनसंख्या सेकंदास १.४२ × १०⁹ आहे. प्रकाशाचा वेग सेकंदास ३ × १०⁸ मीटर. वेगास कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते. ३ भागिले १.४२ हे सुमारे २.११, आणि आठातून नऊ गेले, उणे एक राहिले. म्हणून तरंगलांबी २.११ × १०⁻¹ मीटर, म्हणजे एकवीस सेंटिमीटर. इयत्ता आठवीचा विद्यार्थी हा भागाकार करू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये असे जाहीर झाले की, याच दुर्बिणीच्या साहाय्याने एका दूरस्थ दीर्घिकेतील हायड्रोजनच्या लहरी टिपल्या गेल्या. त्या तेथून निघाल्यास ८.८ × १०⁹ वर्षे, म्हणजे आठशे ऐंशी कोटी वर्षे लोटली होती. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत त्या ताणल्या गेल्या आणि खोडदला पोहोचताना त्यांची लांबी सुमारे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर झाली होती.

या लहरी किती क्षीण असतात, हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञांनी जान्स्की हे एकक ठरविले आहे. आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरींचा शोध १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लावणाऱ्या कार्ल जान्स्की यांचे ते नाव होय. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरवर, कंपनसंख्येच्या दर एककास, १०⁻²⁶ वॉट. ही संख्या शून्ये काढून लिहिली तर दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्ये व मग एक. वाचणाऱ्यास त्यातून काहीच बोध होत नाही. म्हणून पुन्हा हिशेब करावा. एक जान्स्कीचा स्रोत, तबकड्यांचे ४.८ × १०⁴ चौरस मीटर क्षेत्र आणि १०⁸ कंपनांचा पट्टा असे धरले, तर घातांकांची बेरीज उणे सव्वीस, अधिक चार, अधिक आठ, म्हणजे उणे चौदा. आदर्श स्थितीत सर्व तबकड्यांवर मिळून केवळ ४.८ × १०⁻¹⁴ वॉट शक्ती पडते. वर्षात सुमारे ३.१५ × १०⁷ सेकंद असतात. वर्षभर ही शक्ती साठविली तरी १.५ × १०⁻⁶ ज्यूल एवढीच ऊर्जा जमेल. तीस मिलिग्रॅम वजनाचा ज्वारीचा एक दाणा त्या ऊर्जेने जेमतेम अर्धा सेंटिमीटर उचलला जाईल! तीस महाकाय तबकड्यांची वर्षाची कमाई ज्वारीच्या एका दाण्यापुरती. उणे सव्वीस हा घातांक असा दाण्यावर आणून दाखविला म्हणजे तो मुलांच्या स्मरणात राहतो.

याच रीतीने आणखी एक हिशेब वर्गात करून घ्यावा. एक वॉट शक्तीचा, २ × १०⁵ कंपनांच्या पट्ट्यात लहरी सोडणारा मोबाइल फोन चंद्रावर ठेवला आहे, अशी कल्पना करावी. चंद्राचे अंतर ३.८४ × १०⁸ मीटर. त्या त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १.८५ × १०¹⁸ चौरस मीटर येते. एक वॉट एवढ्या पृष्ठावर व एवढ्या पट्ट्यात वाटला असता २.७ × १०⁻²⁴ ही राशी मिळते, म्हणजेच २७० जान्स्की. चंद्रावरील फोन दुर्बिणीस एवढा प्रखर भासेल, तर नारायणगावच्या बाजारातील फोन, मोबाइलचा मनोरा किंवा विजेच्या तारेवरील ठिणगी तिला किती बाधेल, हे निराळे सांगावयास नको.

हा केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न राहिलेला नाही. दुर्बिणीच्या परिसरात रेडिओलहरींचा गोंगाट मर्यादेत ठेवावा लागतो आणि त्याची झळ गावकऱ्यांस लागते. पुणे–नाशिक या नियोजित रेल्वेमार्गाची आखणी नारायणगाव परिसरातून असावी की दुर्बिणीपासून दूर न्यावी, हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत मोठ्या चर्चेचा झाला. रेल्वे आली तर शेतमालास बाजार जवळ होईल, ही लोकांची अपेक्षा रास्त आहे. दुर्बिणीचे कार्य जगात मान्यता पावलेले आहे, हेही तितकेच खरे. अशा प्रश्नाचा निर्णय नागरिकांनी कोणत्या बाजूने करावा, हे सांगणे गणिताच्या शिक्षकाचे काम नाही. परंतु उणे चोवीस व उणे सव्वीस यांत ‘दोनाचाच फरक’ नसून शंभर पटींचा फरक आहे, हे ज्यास कळत नाही, त्यास दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकूनही काही कळणार नाही. तो कोणाच्या तरी मोठ्या आवाजावर विश्वास ठेवील. या तालुक्यांतील मुलांस स्वतःच्या प्रदेशाविषयीचा युक्तिवाद स्वतः तपासता यावा, यासाठी हा पाठ आहे.

अध्यापनात आढळणाऱ्या काही चुका शेवटी नोंदविणे उपयुक्त होईल. १०⁹ म्हणजे दहा गुणिले नऊ, असे काही मुले धरतात. त्यांस १०² व १०³ विस्ताराने लिहावयास लावावे. बेरीज करतानाही घातांक मिळविण्याची चूक सर्वत्र दिसते. तेथे नाणेघाटचे उदाहरण घ्यावे : २ × १०⁴, ४ × १०³ व ४ × १०² यांची बेरीज करण्यापूर्वी सर्वांचा घात सारखा करावा, म्हणजे २, ०.४ व ०.०४ मिळून २.४४ × १०⁴ होतात. काही विद्यार्थी २४.४ × १०³ असे लिहितात. किंमत बरोबर असल्याने त्यास चूक म्हणून फुली मारू नये. मात्र पहिला भाग दहाहून लहान ठेवला म्हणजे दोन संख्यांची तुलना नुसत्या घातांकावरून होते, हे कारण सांगून दुरुस्ती करून घ्यावी.

साधने फारशी लागत नाहीत. शाळेच्या ओसरीच्या भिंतीवर खडूने एक्कावन्न पायऱ्यांचा जिना काढावा. सर्वांत वरची पायरी चोवीसची, तेथे पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहावे. अकराव्या पायरीवर डिंभ्याचे लिटर, चौथ्या पायरीवर नाणेघाटचे कार्षापण, शून्याच्या पायरीवर एक किलोग्रॅमचे माप, उणे पाचव्या पायरीवर द्राक्षबागेतील द्रावणाचे प्रमाण आणि तळाशी उणे सव्विसाव्या पायरीवर खोडदचा जान्स्की. प्रत्येक राशीशेजारी तिचे एकक लिहिण्यास विसरू नये, कारण एककावाचून पायरी निरर्थक होय. मधल्या रिकाम्या पायऱ्या मुलांनी स्वतः शोधून भराव्यात. पोत्यातील दाणे, केसाची जाडी, शाळेतील सर्व मुलांच्या हृदयाचे दिवसभरातील ठोके असे काहीही चालेल; परंतु संख्या मोजून किंवा हिशेब करून आणलेली असावी, ऐकीव नसावी.

दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटात छिन्नी घेऊन बसलेल्या कोरक्यास चोवीस हजार चारशे ही संख्या चुकू न देता खडकावर उतरवावयाची होती. त्याने ती नीट उतरविली, म्हणून ती आजही वाचता येते. खडूने लिहिलेला घातांक संध्याकाळी पुसला जातो. पण तो ज्या मुलाच्या समजुतीत नीट उतरला, त्याच्या पिंपातले माप चुकणार नाही.